आळशी वाफा

एकादशीच्या दिवशीं मराठी घरांत ताटांत जे पदार्थ पडतात, त्यांतील बहुतेकांचें मूळ शोधूं गेल्यास समुद्र ओलांडावा लागतो. शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, रताळें, मिरची आणि बटाटा हीं सारीं अमेरिका खंडांतून आलेलीं पिकें. जुन्या शास्त्रकारांना त्यांचा पत्ताच नव्हता, म्हणून त्यांच्याकडून मनाई करावयाची राहून गेली! त्यांतला बटाटा तर नांवासकट परका. पेरू देशांतील अँडीज पर्वताच्या पठारांवर त्याची लागवड हजारों वर्षांपूर्वीं सुरू झाली, आणि तेथील लोक त्याला ‘पापा’ म्हणत आले आहेत. ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील लोकांचा, आणि तोही मूळचा रताळ्यासाठीं. युरोपीय खलाशांनीं दोन कंदांच्या नांवांचा घोटाळा केला. पोर्तुगीजांच्या तोंडून तो घोटाळा पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि मराठींत कायमचा वस्तीला राहिला.

या घोटाळ्यानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु बटाट्याच्याच इतिहासांत दुसरें एक चुकीचें नांव आहे, आणि तें मात्र इतकें निरुपद्रवी ठरलें नाहीं. आयर्लंडांतील गरीब कुळें ज्या वाफ्यावर बटाटा लावीत, त्याला इंग्रजी बोलणाऱ्यांनीं ‘लेझी बेड’, म्हणजे ‘आळशी वाफा’ असें नांव दिलें. आयरिश भाषेंत त्या वाफ्यासाठीं जो शब्द आहे त्याचा अर्थ नुसता ‘वरंबा’ असा होतो. त्यांत आळसाचा वासही नाहीं. आळस लांबून पाहणाऱ्यांना दिसला. त्यांना तो कां दिसला, आणि त्या दिसण्याची किंमत कोणी दिली, हें समजण्यासाठीं प्रथम तो वाफा कसा करीत हेंच पाहिलें पाहिजे.

आयर्लंडचा पश्चिम किनारा हें अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या ढगांचें पहिलें विश्रांतिस्थान. मेयो, गॉलवे, केरी, डोनेगॉल या परगण्यांत पाऊस बाराही महिने असतो. कोंकणांतल्यासारखा तो धो धो कोसळून मोकळा होत नाहीं. भुरभुरत राहतो, आणि थंड हवेंत पाणी वाळत नाहीं. जमीन एक तर खडकाळ, नाहीं तर पीटची. पीट म्हणजे पाण्यांत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर. तो कापून, वाळवून तेथील लोक चुलींत जाळीत. अशा जमिनींत नांगर घालावा तर घोड्याचे पाय रुतत, डोंगराच्या उतारावर तो वळत नसे, आणि मुळांत घोडा बाळगण्याची ऐपत असलेला माणूस या जमिनीवर राहावयास येतच नसे. येथें राहणाऱ्याजवळ एक फावडें असे.

या फावड्याला ‘लॉय’ म्हणत. लांब, जड लाकडी दांडा, खालीं अरुंद लोखंडी पातें, आणि पाय देण्यासाठीं एकाच बाजूला पायरी. पातें जमिनींत दाबून दांडा तरफेसारखा ओढला, कीं गवतासकट मातीचें ढेकूळ सुटून उलटें पडे. बेलफास्टचे भूगोलज्ञ एस्टिन एव्हान्स यांनीं १९५७ सालच्या आपल्या आयरिश लोकजीवनावरील ग्रंथांत या फावड्यांना बरीच जागा दिली आहे, ती उगीच नव्हे. उत्तरेकडील फावडीं घडविणाऱ्या कारखान्यांत त्यांचे शंभराहून अधिक नमुने ठेवलेले असत. एका दरीचें फावडें पलीकडच्या दरींतील मनुष्य हातीं धरावयास नाखूष असे. मातीप्रमाणें हत्यार बदलणाऱ्या लोकांना शेतीचें ज्ञान नव्हतें असें म्हणणें धाडसाचें आहे.

हिंवाळा सरतां सरतां काम सुरू होई. उतारावर वरून खालीं, पाणी वाहील त्या दिशेनें, दोरी लावून पट्टे आंखले जात. पट्टा साधारणपणें चार ते सहा फूट रुंद, आणि दोन पट्ट्यांमध्यें दोन-अडीच फुटांची जागा चरासाठीं सोडलेली. पट्ट्यांतल्या गवताला हात लावावयाचा नाहीं. त्या गवतावरच खत पसरावयाचें: गोठ्यांतलें शेण, चुलींतली राख, आणि समुद्र जवळ असेल तर समुद्रांतील शेवाळ व शिंपल्यांची वाळू. खतावर बेणें ओळीनें मांडावयाचें. मग दोन्ही बाजूंच्या चरांच्या जागेंतील ढेकळें लॉयनें तीन बाजूंनीं कापावयाचीं आणि बिजागरीवर दार फिरावें तशीं पट्ट्यावर उलटवावयाचीं. गवताला गवत भिडे, आणि मधल्या फटींत खत व बेणें मिटून जाई. त्यावर चरांतली मोकळी माती उपसून टाकली, कीं मराठी शेतकरी ज्याला गादीवाफा म्हणतो तसा उंच, रुंद वाफा तयार होई. कोंब वर डोकावूं लागले कीं चर आणखी खोल करून मातीची भर द्यावयाची. झाडें हातभर झालीं कीं पुन्हा एकदां. कांहीं भागांत आधीं वाफा बांधून मग टोंकदार काठीनें भोंकें पाडीत आणि पाठोपाठ मुलें एकेका भोंकांत एकेक तुकडा टाकीत जात.

बेणें कापणें हें बायकांचें काम. प्रत्येक तुकड्याला एक-दोन डोळे राहतील असा सुरीचा हात चालवावयाचा. तुकडा फार लहान झाला तर कोंबाला पोसण्याइतका गर उरत नाहीं, मोठा ठेवला तर वर्षाच्या अखेरीस उरलेल्या थोड्या बटाट्यांतून घरच्या तोंडचा घास जातो. चेहऱ्यावर भूक दिसणाऱ्या मुलांच्या देखत हा हिशेब करावा लागे. डोळे काढून राहिलेला मधला गाभा डुकरांना किंवा कोंबड्यांना जाई, आणि वाईट वर्षीं माणसांनाही.

वाफ्याखालची जमीन खणली जात नसे, एवढ्या एका गोष्टीवरून त्याला ‘आळशी’ हें विशेषण मिळालें. इंग्लंडांतील सुधारक जमीनदारांच्या दृष्टीनें चांगली शेती म्हणजे सबंध शेत खोल नांगरलेलें, सपाट, सरळ ओळींचें. येथें तर निम्मी जमीन तशीच, वर गवतसुद्धां न काढलेलें! परंतु न खणणें हेंच या पद्धतींतलें शहाणपण होतें. थंड, ओल्या जमिनींत बटाट्याचा शत्रु पाणी. वाफा उंच असल्यामुळें पाणी चरांत उतरे, माती लवकर ऊब धरी, आणि रात्रींची गारठलेली हवाही खालीं चरांत साचे. उलटलेलें दुहेरी गवत वाफ्याच्या पोटांत कुजतां कुजतां बेण्याला खत पुरवी. पीटच्या जमिनींत खालीं लोहाचा एक कडक थर बसतो आणि पाण्याला अडवून धरतो. चर खोल गेला कीं तो थर फुटे आणि खालीं झिरपून गेलेलीं क्षारद्रव्यें फावड्याबरोबर पुन्हा वर येत. बटाट्यानंतर दुसऱ्या वर्षीं त्याच वाफ्यांवर ओट किंवा बार्ली निघे. याप्रमाणें पडीक दलदलीचें शेत होई.

ही रीत बटाट्याबरोबर आलेली नव्हे. मेयो परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर पीटच्या थराखालीं गाडली गेलेलीं प्राचीन शेतें उजेडांत आलीं, त्यांत अशाच वरंब्यांच्या खुणा आहेत, आणि त्या बटाटा युरोपांत येण्याच्या हजारों वर्षें आधींच्या आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बटाटा आयर्लंडांत पोंचला तेव्हां त्याला जणूं अंथरूण घालून ठेवलेलेंच मिळालें. (सर वॉल्टर रॅलेनें तो आणला ही कथा लोकप्रिय आहे, पुराव्याचा आधार मात्र तिला नाहीं.)

श्रमांचें म्हणाल, तर किनाऱ्यावरून शेवाळ आणण्याचें एकच काम पाहावें. ओहोटीच्या वेळीं थंड पाण्यांत उभें राहून तें कापावयाचें आणि वेताच्या टोपल्यांतून, गाढव असेल तर गाढवाच्या आणि नसेल तर स्वतःच्या पाठीवरून, कड्यावर चढवावयाचें. अॅरन बेटांवर तर मातीच नव्हती. तेथें लोकांनीं उघड्या खडकावर वाळू आणि शेवाळ यांचे थर पसरून, खडकांच्या फटींतून खरवडलेली चिमूट चिमूट माती त्यांत मिसळून शेत तयार केलें. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या ‘मॅन ऑफ अॅरन’ या १९३४ सालच्या चित्रपटांत हें माती करण्याचें काम दाखविलें आहे.

लागवडीच्या दिवसांत शेजारी एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीनें जमत. या सहकाराला त्यांचा ‘मेहल’ असा शब्द आहे. मराठी खेड्यांतील इर्जिकीचाच हा भाऊ. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिकच्या सणापासून लागवडीची घाई सुरू होई. एप्रिलच्या अखेरीस कुक्कू पक्ष्याची हांक ऐकूं आली तरी ज्याची लागवड उरली असेल, त्याला गांव ‘कुक्कूचा शेतकरी’ म्हणून हिणवी. महाराष्ट्रांत पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून आगाऊ सांगतो. तिकडचा पक्षी उशीर झाल्याचा टोमणा मारावयास येई! आळशी म्हटल्या गेलेल्या या लोकांत उशीर करणाऱ्याची अशी गांवभर थट्टा होत असे.

या पद्धतीचें यश डोळ्यांत भरण्यासारखें होतें. एक एकर बटाट्यांवर पांच-सहा माणसांचें कुटुंब वर्षाचे बहुतेक महिने काढूं शके. मजुरी करणारा पुरुष दिवसाला १२ ते १४ पौंड बटाटे खाई, सोबत मिळालें तर ताक. आहार कंटाळवाणा खरा, पण पोषणाच्या दृष्टीनें त्या काळच्या युरोपांतील पुष्कळ गरिबांच्या भाकरीपेक्षां चांगला. १८४१ च्या शिरगणतींत आयर्लंडची लोकसंख्या ८१,७५,१२४ भरली. त्यांतील सुमारें तीस लाखांची भिस्त जवळजवळ सर्वस्वीं बटाट्यावर होती.

मात्र वाफा कुळाचा असला तरी जमीन कुळाची नव्हती. पडीक डोंगर कसून काढावा, आणि तो पिकूं लागला कीं जमीनदारानें किंवा मधल्या दलालानें खंड वाढवावा, असा अनुभव वारंवार येई. ज्याला तेवढीही जमीन नाहीं तो एका हंगामापुरता तुकडा भारी दरानें घेई आणि त्याचा खंड बहुधा मजुरीनें फेडी. धान्य, लोणी, डुक्कर हें सारें खंडासाठीं; खाण्यासाठीं बटाटा. लोक वाढले, तुकडे लहान झाले, वाफे डोंगरावर अधिकाधिक उंच चढले. फेब्रुवारी १८४५ मध्यें डेव्हन कमिशननें आपला अहवाल सादर केला. आयरिश मजुराचें हालअपेष्टांचें जिणें आणि जमिनीवरील हक्काची अनिश्चितता या दोहोंची त्यांत स्पष्ट नोंद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ‘लंपर’ नांवाची बटाट्याची एक जात पसरली होती. चवीला पाणचट, टिकावयास वाईट, पण हलक्या जमिनींत आणि थोड्या खतावरही भरघोस येणारी. गरिबाला दुसरें काय परवडणार? बेणें कापून लावलेलें प्रत्येक झाड म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा. त्यामुळें डोंगरामागून डोंगरावर एकाच झाडाच्या जणूं असंख्य आवृत्त्या उभ्या होत्या. अँडीजमधील शेतकरी एकाच शेतांत अनेक जातींचे बटाटे लावीत. वरंब्याची शेती दोन्हीकडे होती. जातींचें हें वैविध्य मात्र समुद्र ओलांडून आलें नाहीं.

२० ऑगस्ट १८४५ रोजीं डब्लिनच्या वनस्पति-उद्यानांतील बटाट्यांवर तेथील प्रमुख डेव्हिड मूर यांना करपा आढळला. त्या वर्षीं पिकाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग गेला. लोकांनीं डुक्कर विकलें, कपडे गहाण टाकले आणि १८४६ च्या वसंतांत पुन्हा वाफे केले. २७ जुलै १८४६ रोजीं फादर थिओबाल्ड मॅथ्यू कॉर्कहून डब्लिनला गेले तेव्हां वाटेंत बटाट्याचीं शेतें फुलांनीं बहरलेलीं होतीं. ३ ऑगस्टला ते परतले तेव्हां त्याच वाटेवर सडलेल्या पानांचें रान होतें, आणि कुंपणांवर बसून माणसें हात चोळीत रडत होतीं. त्या वर्षीं जवळजवळ सारें पीक बुडालें. वाफा खालून येणाऱ्या पाण्याशीं झुंजण्यासाठीं बांधलेला होता; हा शत्रु वरून, वाऱ्याबरोबर आला.

सरकारनें नेमलेल्या लिंडली, प्लेफेअर आणि केन या तीन विद्वानांनीं बटाटे कोरडे कसे ठेवावे, हवेशीर खड्डे कसे करावे याच्या सूचना छापून वांटल्या. बटाटे सडतच राहिले. सूक्ष्म बुरशी हेंच रोगाचें कारण असें माइल्स बर्कले या धर्मोपदेशकानें १८४६ मध्येंच सांगितलें होतें, पण बहुतेक जाणत्यांना ती दमट हवेमुळें कुजलेल्या झाडावर मागाहून वाढलेली वाटे. अंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांनीं वाद मिटला, आणि १८७६ मध्यें त्यानें तिला ‘फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स’ हें नांव दिलें. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्यें मोरचूद आणि चुना यांचें बोर्डो मिश्रण निघालें. नाशिकच्या द्राक्षबागाइतदारांच्या परिचयाचें हें औषध बटाट्याच्या करप्यावरही चाललें; आयर्लंडला तें चाळीस वर्षें उशिरा मिळालें. जुन्या संग्रहांतील वाळलेल्या पानांवरून १८४५ च्या त्या रोगाचा वंश कोणता हें २०१३ मध्यें ठरविण्यांत आलें.

रोग आला तो कोणाच्या आळसानें नव्हे. परंतु मदत किती आणि कशी करावयाची हें ठरविणाऱ्यांच्या डोक्यांत मात्र तो ‘आळशी’ शब्द बसलेला होता. ब्रिटिश खजिना-खात्याचा साहाय्यक सचिव चार्ल्स ट्रेव्हेल्यन याच्या हातीं मदतीच्या दोऱ्या होत्या. हा पूर्वीं कंपनीच्या नोकरींत हिंदुस्थानांत होता आणि पुढें १८५९ मध्यें मद्रासचा गव्हर्नर होऊन पुन्हा आला. १८४८ सालच्या ‘द आयरिश क्रायसिस’ या आपल्या लेखनांत त्यानें आयरिश शेतकऱ्याच्या श्रमांचा हिशेब मांडला: लागवडीला एक पंधरवडा, काढणीला आठ-दहा दिवस, पीट कापण्यास आणखी एक पंधरवडा, बाकीचें वर्ष मोकळें. या हिशेबांत शेवाळाची टोपली नाहीं, दोनदां दिलेली भर नाहीं, खंडापोटीं केलेली मजुरी नाहीं, दर उन्हाळ्यांत कापणीसाठीं इंग्लंड-स्कॉटलंडची वाट धरणारे हजारों लोक नाहींत. मोकळे महिने होते हें खरें. पण ते काम नव्हतें म्हणून मोकळे होते. कामाची टाळाटाळ आणि कामाचा अभाव या दोन गोष्टी दप्तरी कागदावर सारख्याच दिसतात.

ज्यांना आळशी ठरविलें त्यांना फुकट अन्न देणें पाप! म्हणून दुष्काळी कामें निघाली. मार्च १८४७ मध्यें ७,१४,३९० माणसें खडी फोडीत होतीं आणि रस्ते बांधीत होतीं. त्यांतले कांहीं रस्ते कोठेंच जात नव्हते. तेच दिवस वाफे करण्याचे. जो शेतावर जाईल त्याची मजुरी बुडे, आणि शेतावर जाऊन तरी काय लावणार? बेणें खाऊन झालें होतें. १८४५ मध्यें सुमारें २० लाख एकरांत बटाटा होता. १८४७ मध्यें तीन लाख एकरांहूनही कमी. दैवाची थट्टा अशी कीं त्या वर्षीं करपा जवळजवळ आलाच नाहीं. जेवढें लावलें तेवढें निरोगी निघालें.

बाहेरून मदत आली. अगदीं प्रथम निधि उभारणाऱ्यांत कलकत्ता शहर होतें. १८४६ च्या आरंभीं तेथें वर्गणी सुरू झाली आणि कंपनीच्या नोकरींतील आयरिश शिपायांनींही तींत पैसे घातले. क्वेकर पंथाच्या लोकांनीं सलगमचें बीं वांटलें. पण १८४७ च्याच कायद्यांत एक कलम घालण्यांत आलें: ज्याच्याकडे पाव एकराहून अधिक जमीन असेल, त्यानें ती सोडून दिल्याखेरीज त्याला सरकारी मदत मिळावयाची नाहीं. म्हणजे पोटाला आज घालावयाचें तर उद्यांचा वाफा द्यावयाचा. कित्येकांनीं दिला. कित्येकांनीं न देतां वाफ्याशेजारींच प्राण सोडला. १८४८ मध्यें करपा परत आला. सुमारें दहा लाख माणसें मेलीं, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेलीं, आणि १८५१ च्या शिरगणतींत ६५,५२,३८५ लोक उरले.

अकिल बेटावर स्लिव्हमोर डोंगराच्या पायथ्याशीं ऐंशी-शंभर दगडी घरांचें एक ओसाड गांव आहे. दुष्काळानंतर तें हळूहळू उठत गेलें. उन्हाळ्यांत गुरें चारावयास येणारे लोक विसाव्या शतकांतही कांहीं काळ त्या घरांत राहत. घरांवर आतां छप्परें नाहींत. गांवाभोंवतीं आणि गांवाच्या वर डोंगरभर गवत आहे, त्यांत मेंढ्या चरतात. दुपारीं पाहिलें तर डोंगर सपाट हिरवा दिसतो. ऊन कलतें झालें, कीं त्या गवतांतून वर-खालीं जाणाऱ्या समांतर सांवल्या उठूं लागतात. आधीं घरांच्या मागच्या, मग त्यांच्या वरच्या, मग अशा चढणीवरच्या कीं जेथें शेवाळाची टोपली पाठीवर घेऊन माणूस कसा पोंचला असेल असा प्रश्न पडावा. सर्वांत वरच्या वाफ्यांपुढें खडक सुरू होतो.